आठ हजार मीटरवरचा मऊ मासा चिरडत का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रशांत महासागराच्या तळाशी असलेल्या मारियाना गर्तेतल्या स्नेलफिशचा व्हिडिओ तुम्ही पाहिला. फिकट गुलाबी, अर्धपारदर्शक, बोटाने दाबला तर फुटेल असा वाटणारा मासा. त्या खोलीवर जाड पोलादी यंत्रंही चेपली जातात, मग हा कसा टिकतो? त्याला वर आणलं तर तो फुटतो का? आणि आठ हजार मीटरवर राहणं जमलं आहे तर आणखी जवळजवळ तीन हजार मीटर खाली, गर्तेच्या तळाशी तो का दिसत नाही?

मी बरीच वर्षं खोल समुद्रातल्या माशांवर काम करते आहे. त्यातला मोठा भाग म्हणजे खाली सोडलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रफिती तासन्‌तास पाहणं आणि सापळ्यातून वर आलेले नमुने खराब व्हायच्या आत हाताळणं. तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिला सगळेच विचारतात आणि तिसरा फार थोडे. माझ्या मते खरा प्रश्न तिसराच आहे. तो सुटला की पहिल्या दोघांची उत्तरं जागच्या जागी बसतात. पण सुरुवात पहिल्यापासूनच करू, कारण 'चिरडणं' हा शब्द मधे आडवा येतो.

आधी दाब किती ते पाहू. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण, म्हणजे समुद्रकाठी हवेचा जेवढा दाब असतो तेवढा, दाब वाढतो. म्हणजे 8,000 मीटरवर 800 वातावरणांहून थोडा जास्तच. करंगळीच्या नखाएवढ्या, साधारण एक चौरस सेंटीमीटर जागेवर 800 किलोहून अधिक भार. हा आकडा ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे वरून पडणारा दगड येतो. पण पाण्याचा दाब वरून पडत नाही. तो सगळीकडून सारखा असतो, आतूनही.

जहाजावर एक जुना प्रयोग चालतो. लँडर, म्हणजे कॅमेरा आणि आमिष लावलेली धातूची चौकट, खाली सोडताना तिला जाळीच्या पिशवीत थर्माकोलचे पेले बांधून देतात. कोणी त्यावर नाव लिहितं, कोणी चित्र काढतं. काही तासांनी लँडर वर येतो तेव्हा चहाचा पेला बाहुलीच्या भांड्याएवढा झालेला असतो. अक्षरं तशीच, पण मुंगीएवढी. पहिल्यांदा असा पेला हातात घेतला तेव्हा मला त्याच्या आकारापेक्षा त्याचं टणकपण जास्त जाणवलं. थर्माकोलमधली सगळी हवा दबली होती आणि मागे फक्त प्लास्टिक उरलं होतं. त्याच पिशवीत पाण्याने गच्च भरून, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता बंद केलेली छोटी बाटली ठेवली तर ती गेली तशी परत येते. 8,000 मीटरवरही पाणी स्वतः आकसतं ते जेमतेम तीन-चार टक्के.

चिरडण्यासाठी पोकळी लागते. आत कमी दाब आणि बाहेर जास्त, हा फरक असला की भिंत चेपते. पाणबुडी चेपते कारण आत माणसांसाठी साध्या दाबाची हवा ठेवावी लागते. बऱ्याच माशांच्या पोटात तरंगण्यासाठी वाताशय असतो, म्हणजे हवेची पिशवी. स्नेलफिशला तो नाही. त्याच्या अंगात दबण्यासारखी हवेची जागाच नाही. त्यामुळे त्याच्या मऊपणाची काळजी करायचं कारण नाही. उलट कठीण कवच आणि आत पोकळी असती तर तो नक्की गेला असता.

इतपत स्पष्टीकरण बऱ्याच ठिकाणी मिळतं आणि तिथेच थांबतं. ऐकणाऱ्याला वाटतं, हवा नसली की झालं. मग तळ्यातला एखादा वाताशय नसलेला मासा हळूहळू आठ हजार मीटरवर नेला तर तो जगेल का? नाही जगणार. त्याचं शरीर बाहेरून शाबूत दिसेल, पण आतली कामं बंद पडतील. आधी स्नायू आणि नसा बिघडतील, मग पेशी. दाबाचा खरा मार बसतो तो रेणूंवर, आणि विशेषतः प्रथिनांवर.

1914 मध्ये पर्सी ब्रिजमन या भौतिकशास्त्रज्ञाने अंड्याचा पांढरा बलक काही हजार वातावरणांच्या दाबाखाली ठेवला. आच दिली नाही, तरी बलक उकडलेल्या अंड्यासारखा घट्ट झाला. हा दाब समुद्रातल्या कुठल्याही दाबापेक्षा कितीतरी जास्त होता, पण मुद्दा कळायला पुरेसा आहे: उष्णतेशिवाय नुसत्या दाबानेही प्रथिनाची घडी मोडते.

प्रथिन म्हणजे विशिष्ट घडी घातलेली लांब साखळी. ती घडी आणि तिची लवचीकता यांवरच तिचं काम चालतं. अन्न पचवणारं विकर असो किंवा स्नायू आखडणारा धागा, प्रत्येकाला काम करताना किंचित आकार बदलावा लागतो, उघडावं-मिटावं लागतं, दुसऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटावं लागतं. या हालचालींत प्रथिन आणि त्याच्याभोवतीचं पाणी मिळून जेवढी जागा व्यापतात ती थोडी कमी-जास्त होते. दाबाखाली निसर्गाचा कल नेहमी कमी जागेकडे असतो. ज्या पायरीला जागा वाढावी लागते ती पायरी अडते. शिवाय पाण्याचे रेणू प्रथिनाच्या घडीत घुसू पाहतात आणि घडी सैल होते. पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांवरही दाबाचा परिणाम थंडीसारखा होतो. ते गोठू लागल्यासारखे ताठर होतात. खोलवरच्या प्राण्यांच्या पेशींच्या आवरणात असंपृक्त मेदाम्लं जास्त असतात ती यासाठीच. तुपापेक्षा तेल थंडीत पातळ राहतं, तसंच काहीसं.

आता स्नेलफिश यावर काय करतो ते सांगते. इथे ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड हा रेणू येतो. नाव अवघड आहे. आमच्या प्रयोगशाळेत सगळे टीमाओ म्हणतात, मीही तेच लिहिते. हा रेणू तुमच्या ओळखीचा आहे, फक्त नावाने नाही. समुद्री मासा शिळा होऊ लागला की जो उग्र वास येतो तो जिवाणूंनी टीमाओ फोडून तयार केलेल्या ट्रायमिथिलअमाइनचा. जिवंत माशात टीमाओ वास देत नाही, तो प्रथिनांना सांभाळतो. त्याची पाण्याच्या रेणूंवर घट्ट पकड असते. त्यामुळे पाणी प्रथिनाच्या घडीत सहज घुसत नाही आणि प्रथिनाला आपला आकार धरून राहायला मदत होते.

उथळ पाण्यातल्या साध्या माशाच्या स्नायूत टीमाओ थोडा असतो, दर किलोला साधारण 40 मिलीमोल (मिलीमोल म्हणजे रेणूंचं प्रमाण मोजायचं एकक). खोली वाढेल तसं हे प्रमाण जवळजवळ सरळ रेषेत वाढत जातं. 2014 मध्ये पॉल यान्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडच्या ईशान्येला असलेल्या कर्माडेक गर्तेत 7,000 मीटरवरून आणलेल्या स्नेलफिशमध्ये ते मोजलं. ते भरलं 386 च्या आसपास, म्हणजे नऊ-दहा पट. आधी कमी खोलीवरच्या माशांवरून जी रेषा काढली होती, हे मोजमाप तिच्यावरच येऊन बसलं. मारियाना स्नेलफिशच्या जनुकसंचाचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टीमाओ तयार करणाऱ्या विकराच्या जनुकाच्या एकापेक्षा जास्त प्रती सापडल्या. म्हणजे या माशाने हा माल बनवणारा कारखानाच वाढवून घेतला आहे.

आणि इथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. टीमाओ फुकट मिळत नाही. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते.

शाळेत मनुका पाण्यात टाकून फुगवण्याचा प्रयोग आपण सगळ्यांनी केला आहे. पातळ आवरणाच्या ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. यालाच परासरण म्हणतात. समुद्रातल्या बहुतेक हाडांच्या माशांचं अंतर्गत पाणी समुद्राच्या मानाने बरंच कमी खारट असतं, साधारण एक तृतीयांश. त्यामुळे त्यांच्या अंगातलं पाणी सतत बाहेर पडू पाहतं. ते समुद्राचं पाणी पिऊन जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकत असतात. सगळी मूत्रपिंडं, कल्ले, आतडी याच हिशोबाने बेतलेली.

आता खोलीबरोबर टीमाओ वाढवत चला. आतल्या विरघळलेल्या पदार्थांची बेरीज वाढत जाते आणि समुद्राशी असलेला फरक कमी होत जातो. 7,000 मीटरवर माशाचं आतलं पाणी समुद्राच्या बरंच जवळ आलेलं असतं. हीच रेषा पुढे नेली तर साधारण 8,200 मीटरवर दोन्ही सारखं होतं. त्याच्याही खाली जायचं तर आत समुद्रापेक्षा जास्त पदार्थ साठवावे लागतील, आणि मग पाणी उलट आत घुसू लागेल. बाहेर जाणारं पाणी अडवण्यासाठी घडलेल्या शरीराला आत येणारं पाणी उपसावं लागेल. हा बदल थोडाथोडका नाही. शरीराची सगळी पाण्याची व्यवस्थाच उलटी करावी लागेल.

म्हणून मी म्हणते की त्याला तळापासून रोखणारी गोष्ट दाबाच्या भिंतीपेक्षा जास्त नाजूक आहे. ज्या रेणूमुळे तो आठ हजार मीटरवर जगू शकतो, त्याच रेणूमुळे त्याला आणखी खाली जाता येत नाही.

शार्कच्या बाबतीत हीच गोष्ट आणखी वर घडते असं मानलं जातं. शार्कच्या अंगात युरिया आणि टीमाओ मिळून आधीच समुद्राची बरोबरी झालेली असते, म्हणजे वाढवायला जागाच उरत नाही. 4,000 मीटरच्या खाली शार्क जवळपास सापडत नाहीत. याचं एक कारण हे असावं, दुसरं म्हणजे त्या मोठ्या तेलकट यकृताला लागणारं अन्न खाली मिळत नाही.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही 8,200 हा आकडा दगडावरची रेघ समजाल. तो हिशोबातून निघालेला अंदाज आहे. मारियाना स्नेलफिशचे नमुने सुमारे 6,900 ते 7,970 मीटरवरून मिळाले आहेत, आणि 2017 मध्ये जपानी पथकाने मारियाना गर्तेत 8,178 मीटरवर स्नेलफिशचं चित्रण केलं. 2022 मध्ये जपानच्या दक्षिणेकडच्या इझू-ओगासावारा गर्तेत ॲलन जेमिसन यांच्या पथकाच्या कॅमेऱ्यासमोर 8,336 मीटरवर एक स्नेलफिश आला. ही बातमी 2023 मध्ये जाहीर झाली. पाण्यात पाहिलेला हा आजवरचा सगळ्यात खोलवरचा मासा. त्याच मोहिमेत जवळच्या जपान गर्तेत 8,022 मीटरवरून दोन स्नेलफिश सापळ्यात मिळाले.

मग 8,200 चा अंदाज चुकला का? मला तसं वाटत नाही. दीडशे मीटर म्हणजे एवढ्या खोलीवर दोन टक्क्यांचाही फरक नाही. पण फरक कुठल्या बाजूला पडतो ते बघण्यासारखं आहे. इझू-ओगासावारा गर्तेतलं पाणी मारियानापेक्षा किंचित उबदार आहे. थंडी आणि दाब दोन्ही प्रथिनांना आणि पेशींच्या आवरणांना एकाच दिशेने छळतात. त्यामुळे पाणी अंशभर जरी उबदार असलं तरी मासा थोडा अधिक दाब सोसू शकतो. त्यातून तो 8,336 मीटरवरचा मासा लहान पिल्लू होता. खोल समुद्रातल्या बऱ्याच माशांची पिल्लं वरच्या थरात वाढतात आणि मोठी झाल्यावर खाली उतरतात. स्नेलफिशमध्ये उलट दिसतं, पिल्लं त्यांच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला. मोठ्या माशांपासून सुरक्षित जागा त्यांना तिथेच मिळत असावी. म्हणजे गर्ता कोणती, पाणी किती थंड, जात कोणती, मासा केवढा, यावर शे-दोनशे मीटर इकडेतिकडे होऊ शकतं. दोन हजार मीटर मात्र होणार नाहीत.

इथे जुन्या दोन दाव्यांबद्दल बोलते, कारण कोणीतरी तुम्हाला ते दाखवणारच. पहिला 1960 चा. जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे त्रिएस्त या यानातून चॅलेंजर डीपच्या, म्हणजे मारियाना गर्तेतल्या सगळ्यात खोल भागाच्या, तळाशी गेले, आणि खिडकीतून चपटा मासा दिसल्याचं पिकार यांनी सांगितलं. त्यांचं धाडस अफाट होतं, पण तो मासा नव्हता असंच आज जवळपास सगळे मानतात. ढवळलेल्या गाळात दिसलेली ती समुद्रकाकडी असावी. समुद्रकाकडीला हा हिशोब लागू होत नाही, कारण तिच्या अंगातलं पाणी पहिल्यापासूनच समुद्राइतकं खारट असतं. पाठीचा कणा नसलेल्या समुद्री प्राण्यांना त्यामुळेच तळ गाठता येतो. अँफिपॉड, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले छोटे कवचधारी, चॅलेंजर डीपच्या अगदी तळाशी झुंडीने असतात.

दुसरा दावा 1970 चा. पोर्तो रिको गर्तेत 8,370 मीटरपर्यंत ओढलेल्या जाळ्यात एक मासा मिळाला आणि बरीच वर्षं तो सगळ्यात खोलवरचा मासा म्हणून पुस्तकांत राहिला. अडचण अशी की ते जाळं तोंड बंद होणारं नव्हतं. जाळं काही किलोमीटर खाली जातं, तळावर घासत जातं आणि उघड्या तोंडाने पुन्हा वर येतं. मासा खाली मिळाला की येताना चार हजार मीटरवर, हे जाळ्याला विचारता येत नाही. नमुन्यांच्या नोंदी तपासताना मी पहिल्यांदा 'खोली' हा रकाना बघत नाही, 'साधन' हा बघते. कॅमेऱ्यासमोर मासा दिसला आणि त्याच वेळी दाबमापकाने आकडा दिला, तर ती नोंद धरायची. उघडं जाळं असेल तर तो आकडा फक्त जाळं कुठवर पोचलं तेवढंच सांगतो.

इथवरचं एकदा जोडून घेते. पोकळी नाही म्हणून मासा चेपत नाही. दाब प्रथिनांना बिघडवतो, त्यावर टीमाओ हा उपाय आहे. आणि टीमाओ वाढता वाढता आतलं पाणी समुद्राच्या बरोबरीला येतं, तिथे माशाची हद्द संपते. आता त्याच्या शरीराकडे वळू, कारण तुमचा 'मऊ' हा शब्द मला अजून सोडवायचा आहे.

मारियाना स्नेलफिशचं शास्त्रीय नाव स्यूडोलिपॅरिस स्वायरी. मॅकेन्झी गेरिंजर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये त्याचं रीतसर वर्णन केलं. स्वायरी हे नाव हर्बर्ट स्वायर यांच्यावरून. 1872 ते 1876 या काळात जगभर फिरलेल्या चॅलेंजर जहाजावर ते नौकानयन अधिकारी होते, आणि याच मोहिमेला मारियाना गर्तेचा पहिला सुगावा लागला. माशाची लांबी एका फुटाच्या आतच. त्याच्या घराण्यात चारशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी उथळ, थंड किनाऱ्यांवर राहतात, पोटाखालच्या चकतीने खडकाला चिकटून. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. खोल समुद्र म्हटलं की लोकांना सुळेदार दात आणि डोक्यावर दिवा असलेला मासा आठवतो. ते मासे हजार-दोन हजार मीटरचे. सगळ्यात खाली पोचलेला मासा मात्र किनाऱ्यावरच्या साध्या घराण्यातला आहे. 2019 च्या त्या अभ्यासानुसार त्याची वाट उथळ पाण्यातल्या नातेवाइकांपासून सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली.

त्याची हाडं पातळ आहेत, बराच भाग कूर्चेचा आहे, आणि कवटी पूर्ण मिटलेली नाही. जनुकसंचात हाडं कठीण करण्याशी संबंधित एक जनुक मोडलेलं सापडलं. उघडी कवटी ऐकून लोक घाबरतात, पण ती मेंदूचं रक्षण कशापासून करणार? दाब आत-बाहेर सारखाच आहे. हाडाला वजन असतं, आणि वाताशय नसलेल्या माशाला प्रत्येक ग्रॅम वजन पोहून तोलावं लागतं. हलकं हाड त्याला परवडतं. कातडीखाली पाणचट जेलीचा थर असतो. त्यात बहुतेक पाणीच. तो तरंगायला थोडी मदत करतो. गेरिंजर यांच्या पथकाने स्नेलफिशसारखा छोटा यांत्रिक मासा बनवून पाहिलं, तर जेलीसारख्या भरावामुळे मागचा भाग निमुळता झाला आणि तो जास्त वेगाने पोहला. म्हणजे फारसं अन्न खर्च न करता शरीराला हवा तो आकार देण्याचा हा स्वस्त मार्ग आहे.

डोळे लहान. प्रकाश टिपणारी काही जनुकंही या माशाने गमावली आहेत. सूर्यप्रकाश तिथे पोचतच नाही. त्याऐवजी तोंडाभोवती द्रवाने भरलेली संवेदी छिद्रं असतात, जवळ हालचाल झाली की त्यांना कळतं. चित्रफितीत हे स्पष्ट दिसतं. आमिषावर अँफिपॉडची झुंड चढलेली असते. मासा संथपणे, जवळजवळ तरंगत येतो. आमिषाकडे त्याचं लक्ष नसतं, त्याला अँफिपॉड हवे असतात. तोंड क्षणात उघडतं, पाण्याबरोबर एक अँफिपॉड आत ओढला जातो, आणि घशात असलेल्या दुसऱ्या जबड्यात त्याचा चुरा होतो. घाईगडबड नाही, झडप नाही.

अन्नाची तिथे चणचण असेल असं वाटतं, पण गर्तेचा आकार खालच्या दिशेने निमुळता. वरून पडणारा गाळ, मेलेले जीव, सगळं उतारावरून घसरत मधल्या खोलगट भागात जमा होतं. अँफिपॉड त्यावर वाढतात. आणि दुसरे शिकारी मासे, उदाहरणार्थ रॅटटेल, साधारण 7,000 मीटरच्या आसपासच मागे पडतात. त्यापुढच्या हजार मीटरच्या पट्ट्यात खाणं भरपूर आणि स्पर्धा नाही. मासा तिथे कसाबसा तग धरून नाही, तो तिथला वरचढ शिकारी आहे. बऱ्याच नमुन्यांची पोटं अँफिपॉडनी भरलेली निघतात. खोल समुद्रातल्या प्राण्याचं पोट इतकं भरलेलं क्वचितच दिसतं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, वर आणल्यावर काय होतं. फुटत नाही. फुटायला लागणारी हवाच आत नाही. समाजमाध्यमांवर गुलाबी, लोंबत्या चेहऱ्याच्या ब्लॉबफिशचं चित्र फिरतं, तो वेगळा मासा आहे आणि त्याची ती अवस्था जाळ्यातून ओढून आणल्यामुळे झालेली आहे. स्नेलफिश सापळ्यात आला तर त्या मानाने चांगल्या स्थितीत वर येतो. मेलेला असतो हे मात्र खरं. लँडरचं वजन सुटल्यावर तो वर यायला काही तास लागतात, आणि त्या वेळात दोन गोष्टी एकदम घडतात. दाब उतरतो, म्हणजे ज्या दाबासाठी त्याची प्रथिनं बेतलेली आहेत तो आधारच जातो. आणि एक-दोन अंशांच्या पाण्यातून तो पृष्ठभागाच्या उबदार पाण्यात येतो. माझ्या अनुभवात ऊब जास्त घात करते, निदान नमुन्याचा तरी.

एकदा आम्ही हे चुकवलं होतं. सापळा ठरल्या वेळेआधी वर आला, बर्फाचं पाणी तयार नव्हतं, आणि मासा दहा-पंधरा मिनिटं ट्रेमध्ये राहिला. तोवर त्याची जेली कातडीखालून सैल होऊन एका बाजूला उतरली होती. पाठीवरची गोलाई गेली, शेपटी दोरीसारखी दिसू लागली. लांबी मोजता आली, पण शरीराच्या आकाराबद्दल त्या नमुन्यावरून काहीच सांगता येईना. तेव्हापासून आधी बर्फ, मग बाकी सगळं. बर्फाच्या पाण्यात ठेवलेला ताजा स्नेलफिश हातात घेतला तर हातात थंड जेलीची पिशवी धरल्यासारखं वाटतं. कातडी इतकी पातळ असते की पोटाच्या भिंतीतून यकृत दिसतं. स्नायू मात्र, जेली बाजूला सारल्यावर, पक्के लागतात. बोटाने दाबलं तर जेली हलते, खालचा स्नायू जागचा हलत नाही. तुम्हाला व्हिडिओत जो मऊपणा दिसला, तो वरचा पातळ पदर आहे.

टीमाओ मोजण्यासाठी त्याच स्नायूचा छोटा तुकडा लगेच गोठवावा लागतो. कारण जिवाणू त्यावर काम करू लागले की तो टीमाओ राहत नाही, ट्रायमिथिलअमाइन होतो, आणि वास येऊ लागला तर समजायचं की मोजमाप हातचं गेलं.

शेवटी, तुम्ही विचारलं नाही पण पुढचा प्रश्न बहुधा हाच असेल: दाबाच्या टाकीत जिवंत ठेवता येईल का? काही खोलवरचे लहान प्राणी दाब राखणाऱ्या पात्रांतून जिवंत वर आणले गेले आहेत. पण 800 वातावरणांचा दाब, एक-दोन अंशांचं वाहतं पाणी आणि वीतभर मासा, हे सगळं एकत्र सांभाळायचं तर पात्राच्या भिंती प्रचंड जाड लागतील आणि खिडकी इतकी छोटी की मासा नीट दिसणारही नाही. त्याऐवजी कॅमेरा खाली पाठवणं सोपं आहे, आणि मासाही आपल्या घरात राहतो. तो व्हिडिओ परत पाहाल तेव्हा आमिषावर नजर ठेवा. अँफिपॉड सर्वांत आधी जमतात, मग काही काळ काहीच घडत नाही, आणि मग अंधाराच्या कडेला शेपटीची एक हलकी लाट दिसते. पोहताना तिच्यावरची जेली स्नायूबरोबरच वळते. ट्रेमध्ये उतरून गेलेली ती गोलाई तिथे तशीच शाबूत असते.